बंदिवासातील व्यसन आणि सुटकेनंतरचा पंधरवडा

व्यसनी माणूस गजाआड गेला म्हणजे त्याचे व्यसन आपोआप सुटते, हा समज आपल्या समाजात फार खोलवर रुजलेला आहे, आणि तो केवळ अशिक्षितांचाच आहे असे नाही. ज्या आईने मुलाच्या गर्दापायी घरातील भांडीकुंडी एकामागून एक विकली जाताना पाहिली, ती पोलीस त्याला घेऊन गेले त्या दिवशी रडते हे खरे. परंतु निदान चार-सहा महिने तरी पोरगा त्या पावडरीपासून लांब राहील, असा दिलासाही तिच्या मनात कोठेतरी असतो. शिक्षा सुनावणाऱ्या न्यायाधीशाची आणि कोठडीला कुलूप घालणाऱ्या शिपायाची धारणा याहून फारशी निराळी नसते. वर्षभराने तो बाहेर येतो तेव्हा त्याचे गाल भरलेले असतात, हात थरथरत नाहीत, अन्न अंगी लागलेले असते, आणि घरची माणसे देवापुढे नारळ फोडतात. नेमक्या ह्याच घटकेला तो आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या संकटाच्या समोर येऊन उभा राहिलेला असतो, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. आणि ते संकट टाळण्याची विद्या वैद्यकशास्त्रास गेली पन्नासहून अधिक वर्षे अवगत असूनही आपल्या बहुतेक तुरुंगांपर्यंत ती पोचलेली नाही, ही गोष्ट त्याहूनही थोड्यांना.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या तुरुंगांतून १९९९ ते २००३ ह्या काळात सुटलेल्या ३०,२३७ बंदिवानांचे पुढे काय झाले, याचा शोध काही वैद्यकीय संशोधकांनी मृत्युनोंदींच्या दफ्तरावरून घेतला आणि तो २००७ साली प्रसिद्ध केला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ह्या लोकांच्या मृत्यूचे प्रमाण त्याच राज्यातील इतर रहिवाशांच्या १२.७ पट होते. आणि केवळ अमली पदार्थाच्या अतिमात्रेने आलेल्या मृत्यूंचा विचार केला तर ते प्रमाण १२९ पट भरले. दहा नव्हे, वीस नव्हे, १२९ पट. पुढे इतर देशांतूनही अशाच शोधांचे निष्कर्ष आले आणि त्या सर्वांनी पहिल्याच पंधरवड्याकडे बोट दाखविले.

याचे कारण शरीरशास्त्रात आहे. अफू, मॉर्फीन, हेरॉईन आणि आपल्याकडे गर्द किंवा ब्राउन शुगर म्हणून विकली जाणारी हेरॉईनचीच भेसळयुक्त भुकटी, हे सर्व पदार्थ मेंदूतील चेतापेशींवरच्या ठरावीक रिसेप्टरांना जाऊन चिकटतात. त्यांनी सुख वाटते, वेदना शमते, आणि त्याच वेळी मेंदूच्या देठापाशी असलेले श्वसनकेंद्र मंद पडते. रोज घेणाऱ्याच्या पेशी हळूहळू ह्या माऱ्याला सरावतात; पहिल्या दिवशी ज्या मात्रेने माणूस मेला असता, ती मात्रा सहा महिन्यांनी त्याला जेमतेम उभे राहण्यापुरती पुरते. तुरुंगात पदार्थ मिळेनासा झाला, किंवा क्वचित आणि थोडाच मिळू लागला, की हा सराव काही आठवड्यांत ओसरतो आणि पेशी पूर्ववत् होतात. परंतु मात्रेची आठवण मात्र पूर्ववत् होत नाही. सुटलेला मनुष्य जुन्या अड्ड्यावर जातो, जुन्या मित्राकडून जुन्याच हिशेबाने पुडी घेतो, आणि जी पुडी पूर्वी त्याला सकाळपासून दुपारपर्यंत जेमतेम पुरत होती, तीच त्याचा श्वास बंद पाडते. शरीर शुद्ध झाले होते हे खरेच. आणि शुद्ध झाले होते म्हणूनच तो मेला.

अफूवर्गाचे व्यसन असलेल्या माणसाला अटक झाल्यावर पहिल्या आठवड्यात काय घडते, हेही येथे सांगितले पाहिजे. शेवटच्या पुडीनंतर आठ-बारा तासांनी जांभयांवर जांभया सुरू होतात. नाक-डोळे गळू लागतात, अंगावर काटा उभा राहतो, बाहुल्या विस्फारतात, पोटात पिळा पडून ओकाऱ्या-जुलाब लागतात, हाडे आतून कोणी कुरतडीत आहे असे वाटू लागते. ह्या अवस्थेस व्यसनी मंडळी 'टर्की' म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती शिगेला पोचते आणि आठ-दहा दिवसांत उतरते. धडधाकट माणूस टर्कीने सहसा मरत नाही, परंतु जुलाबांनी कोरडा पडलेला, क्षयाने पोखरलेला माणूस मरू शकतो. आणि गच्च भरलेल्या बराकीत, एकाच संडासाशेजारी, शेजाऱ्याच्या शिव्या ऐकत हे दिवस काढणारा माणूस आत्महत्येच्या विचारापर्यंत पोचला तर त्यात नवल नाही.

दारूचे त्याहून विपरीत आहे. अफूवर्गाची ओढ अधिक भयंकर दिसते, पण दारू एकाएकी तुटणे हे जिवाला अधिक घातक असते. वर्षानुवर्षे रोज क्वार्टरामागून क्वार्टर रिचविणाऱ्या माणसाला अटकेच्या दुसऱ्याच दिवशी कंप सुटतो, दरदरून घाम येतो, काहींना पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत फेफरे येते. आणि काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान तो भयंकर संनिपात गाठतो, ज्यात रुग्णास भिंतीवर किडे चालताना दिसतात, नसलेली माणसे हाका मारताना ऐकू येतात, स्थळकाळाचे भान सुटते, ताप चढतो, नाडी धावू लागते. रात्रीच्या पहाऱ्यावरील शिपायाला हे सोंग वाटते, सोबतच्या कैद्यांना भूतबाधा वाटते, आणि कधीकधी त्याला आवरण्यासाठी म्हणून हातपाय बांधून एकांत कोठडीत टाकले जाते, जे त्या घटकेला करावयाच्या गोष्टीच्या अगदी उलट आहे. करावयाची गोष्ट साधी आहे. क्लोरडायाझेपॉक्साइड किंवा डायाझेपाम हे स्वस्त औषध पहिल्या दिवशी पुरेशा मात्रेत देऊन आठवड्याभरात उतरवीत न्यावे, आणि ग्लुकोजची बाटली लावण्यापूर्वी ब-१ जीवनसत्त्वाचे, म्हणजे थायामिनचे इंजेक्शन द्यावे, कारण उपाशी मद्यप्याला आधी नुसते ग्लुकोज दिले तर मेंदूस कायमची इजा पोचण्याचा संभव असतो. झोपेच्या व नशेच्या ज्या गोळ्यांना 'बटन' म्हणतात, त्या एकदम बंद झाल्यावरही फेफऱ्याचा असाच धोका असतो. नवीन बंदिवानाची दाखल होताना वैद्यकीय तपासणी करावी, असे १८९४ चा तुरुंगविषयक कायदाही सांगतो. त्या तपासणीत 'शेवटचे पेय केव्हा घेतले, रोज किती घेतोस, पूर्वी कधी फेफरे आले होते काय' हे तीन प्रश्न माणुसकीच्या स्वरात विचारले गेले, तर कित्येक मृत्यू टळतील, असे खात्रीपूर्वक म्हणता येते.

बंदिवास आणि उपचार यांची सांगड घालण्याचा पहिला भव्य प्रयोग अमेरिकेने १९३५ साली केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे केला. सुमारे हजार एकरांच्या कुरणात उभारलेली ती संस्था अर्धी तुरुंग आणि अर्धे इस्पितळ होती. गायी, शेती, सुतारकाम, मोकळी हवा आणि जाणते डॉक्टर, असे सारे तेथे होते. शिक्षा झालेले कैदी आणि स्वेच्छेने आलेले रुग्ण एकाच छताखाली राहत. त्या काळच्या उत्तमोत्तम कल्पना आणि सरकारचा पैसा ह्यांत काहीही उणे नव्हते. तरीही तेथून न्यूयॉर्कला परतलेल्या सुमारे एकोणीसशे रुग्णांचा मागोवा घेऊन १९६२ साली जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक लोक पुन्हा व्यसनात पडल्याचे, आणि तेही बहुतांशी पहिल्या सहा महिन्यांत पडल्याचे आढळून आले.

असे का व्हावे, याचा एक धागा त्याच संस्थेतील डॉ. अब्राहम विक्लर यांच्या हाती लागला होता. कित्येक महिने पदार्थाला स्पर्शही न केलेले रुग्ण सामूहिक बैठकीत बसून पूर्वीच्या पुड्यांच्या, सुयांच्या गोष्टी काढीत, तेव्हा बोलता बोलता त्यांना जांभया येऊ लागत आणि डोळे पाणावू लागत, जणू काल रात्रीच पदार्थ तुटला आहे. विक्लर यांनी यावरून असे अनुमान काढले की, ओढ केवळ रक्तात नसते. ती गल्लीच्या वळणात, विशिष्ट मित्राच्या चेहऱ्यात, खिशातल्या पैशाच्या स्पर्शातही भिनलेली असते, आणि तुरुंगात ह्यांपैकी काहीच नसल्यामुळे ती तेथे निजून राहते. बंदिवान प्रामाणिकपणे म्हणतो, 'मला आता आठवणसुद्धा येत नाही', आणि ते खरेही असते, परंतु एस.टी.तून उतरून ओळखीच्या नाक्यावर पाऊल ठेवताच तेच शरीर त्याच्या शपथेला जुमानीत नाही. निर्धार खोटा होता म्हणून माणूस पडला, असे आपण फार लवकर ठरवून मोकळे होतो. तो न्याय नव्हे.

लेक्सिंग्टनच्या इतिहासात एक काळे पानही आहे. तेथील संशोधनशाळेत नव्या औषधांचे प्रयोग कैद्यांवर केले गेले, आणि मोबदल्यादाखल काहींना चक्क अमली पदार्थ दिले गेले. हे प्रकरण पुढे उघडकीस आले तेव्हा योग्य तो संताप झाला. बंद दाराआडच्या माणसाची संमती ही खरोखर संमती आहे काय, हा प्रश्न तुरुंगातील प्रत्येक उपचाराला चिकटलेला आहे. म्हणून औषध नाकारण्याचा हक्क कैद्याला असला पाहिजे आणि ते घेतले वा नाकारले यावरून त्याच्या शिक्षेत, कामात किंवा भेटींत काडीचाही फरक पडता कामा नये.

ह्याच लेक्सिंग्टनमध्ये १९४० नंतरच्या काळात मेरी निस्वँडर ह्या तरुण डॉक्टरीणबाई काम करून गेल्या होत्या. तेथील पद्धतीविषयी असमाधान घेऊन त्या न्यूयॉर्कला आल्या आणि रॉकफेलर संस्थेतील डॉ. व्हिन्सेंट डोल यांच्यासह त्यांनी १९६५ मध्ये मेथाडोनविषयीचा आपला सुप्रसिद्ध निबंध प्रकाशित केला. हेरॉईनचा परिणाम चार-सहा तासांत चढतो आणि उतरतो, त्यामुळे व्यसनी माणसाचा सारा दिवस पुढच्या पुडीची तजवीज करण्यात जातो. मेथाडोन हेही अफूवर्गाचेच औषध. परंतु तोंडाने घेतले असता ते संथपणे चढते, एक दिवसाहून अधिक काळ टिकते, योग्य मात्रेत धुंदी आणीत नाही, आणि ते अंगात असताना वरून हेरॉईन घेतली तरी तिचा परिणाम पुष्कळसा बोथट होतो. माणूस सकाळी एकदा औषध घेऊन कामावर जाऊ शकतो. पुढे आलेल्या ब्युप्रेनॉर्फिनमध्ये आणखी एक गुण सापडला: त्याचा परिणाम एका मर्यादेपलीकडे वाढत नाही, त्यामुळे एकट्या त्या औषधाने श्वास थांबण्याची भीती बरीच कमी असते. तिसरे नालट्रेक्सोन, ते रिसेप्टर नुसते अडवून ठेवते. मात्र ते सुरू करण्यापूर्वी शरीर अफूवर्गापासून आठवडाभर तरी पूर्ण मोकळे असावे लागते.

डॉ. डोल यांनी मेथाडोन तुरुंगाच्या दाराशी नेले. १९६९ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात न्यूयॉर्कच्या तुरुंगातील, वारंवार शिक्षा भोगलेल्या हेरॉईन-व्यसनी कैद्यांपैकी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या बारा जणांना सुटकेपूर्वीच मेथाडोन सुरू करण्यात आले आणि बाहेर गेल्यावर ते चालू ठेवण्याची सोय करण्यात आली. सोळा जणांना नेहमीप्रमाणे सोडून देण्यात आले. वर्षभरात त्या सोळाही जणांनी पुन्हा हेरॉईन धरली आणि त्यांतील पंधरा जणांना नव्याने शिक्षा झाली. बारा जणांपैकी नव्याने शिक्षा झालेले तीन होते. आकडे लहान आहेत, म्हणून त्यांचे स्तोम माजवू नये. परंतु इतका स्वच्छ संकेत मिळाल्यावरही न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंड तुरुंगात नियमित मेथाडोन-केंद्र उघडावयास १९८७ साल उजाडावे लागले, आणि तेही एड्सच्या साथीने दार ठोठावल्यानंतर, ह्यास काय म्हणावे?

सर्वांत बोलका दाखला ऱ्होड आयलंड ह्या अमेरिकेतील सर्वांत छोट्या राज्याचा आहे. तेथे सगळे तुरुंग आणि कच्च्या कैद्यांच्या कोठड्या एकाच खात्याच्या ताब्यात, एकाच परिसरात आहेत. २०१६ साली तेथे असे ठरले की, दाखल होणाऱ्या प्रत्येकाची तपासणी करावयाची, जो बाहेर औषध घेत होता त्याचे ते तोडावयाचे नाही, ज्याला गरज आहे त्याला वर सांगितलेल्या तिन्ही औषधांपैकी योग्य ते सुरू करावयाचे, आणि सुटल्यावर ज्या दवाखान्यांत ते मिळावयाचे त्यांचेच कर्मचारी आत नेऊन बसवावयाचे. परिणाम असा झाला की, २०१६ च्या पहिल्या सहा महिन्यांत नुकतेच सुटून आलेले २६ लोक अतिमात्रेने मेले होते, तेथे पुढील वर्षीच्या त्याच सहा महिन्यांत नऊ मेले. इंग्लंडमधील ३९ तुरुंगांतून सुटलेल्या बारा हजारांवर लोकांच्या पाहणीतही, औषध चालू असताना बाहेर पडलेल्यांत पहिल्या महिन्यातील अमली पदार्थजन्य मृत्यू ८५ टक्क्यांनी कमी आढळले. हे श्रीमंत देशांचे लाड आहेत असे कोणी म्हणेल, तर इराणकडे पाहावे. अमली पदार्थांच्या गुन्ह्यास फाशी देणाऱ्या त्या देशाने एच.आय.व्ही.ची लाट तुरुंगांतून उसळलेली पाहिली आणि ह्या शतकाच्या आरंभी कैद्यांना मेथाडोन देण्यास सुरुवात करून ती योजना हजारो बंदिवानांपर्यंत नेली.

'एक व्यसन सोडवून दुसरे लावले' हा आक्षेप येथे हमखास येतो. व्यसन म्हणजे शरीराला एखाद्या औषधाची सवय असणे एवढेच नव्हे. घर, काम, आरोग्य, अब्रू बुडत असतानाही त्या पदार्थापायी माणसाचे धावत सुटणे म्हणजे व्यसन. जे औषध घेऊन मनुष्य कामावर जातो, पोरांच्या शाळेची फी भरतो आणि चोरी करावयाचे सोडतो, त्याला व्यसन म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग आहे. दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे: कैदी गोळी तोंडात लपवून बराकीत विकतील. ही भीती खरी आहे, आणि तिच्यावरचा बंदोबस्त पाहण्यासारखा आहे. आपल्या देशातील ब्युप्रेनॉर्फिन केंद्रांत गोळी तशीच हातावर ठेवीत नाहीत. ती कुटून तिची पूड रुग्णाच्या जिभेखाली घालतात, त्याला परिचारिकेच्या नजरेसमोर बाकावर काही मिनिटे बसवून ठेवतात, त्या वेळात बोलू वा गिळू देत नाहीत, आणि मग तोंड उघडून, जीभ वर करून दाखविल्याखेरीज उठू देत नाहीत. परदेशांत आता महिन्यातून एकदा कातडीखाली टोचावयाचे ब्युप्रेनॉर्फिनही निघाले आहे, ज्यात लपविण्यासारखे काहीच उरत नाही.

आपल्याकडच्या तुरुंगांत ह्या उपचाराचा आरंभ दिल्लीच्या तिहार कारागृहात २००८ साली, संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाच्या साहाय्याने आणि एम्सच्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाने झाला. दक्षिण आशियातील तुरुंगांत तो पहिलाच. पंजाबनेही पुढे आपल्या काही तुरुंगांत अशी केंद्रे उघडली. परंतु गरजेच्या मानाने हे अत्यल्प आहे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील मानसोपचारतज्ज्ञांनी तेथील मध्यवर्ती कारागृहातील पाच हजारांवर बंदिवानांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ऐंशी टक्के लोकांत मानसिक किंवा व्यसनाचा कोणता ना कोणता विकार निघाला. तंबाखूसह सारी व्यसने वगळल्यावर हाच आकडा तीस टक्क्यांच्या खाली उतरला. तुरुंगाच्या दवाखान्यातील मुख्य रोग कोणता, याचे उत्तर ह्या दोन आकड्यांच्या फरकात आहे.

कायदा ह्या बाबतीत आपल्या समजुतीपेक्षा अधिक दयाळू आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या २७ व्या कलमाने सेवन हा गुन्हा ठरविला आणि वर्षापर्यंत कैद सांगितली, हे सर्वांना माहीत असते. परंतु त्याच कायद्याच्या ३९ व्या कलमान्वये न्यायालय, अशा गुन्ह्यात किंवा अल्प प्रमाणातील मुद्देमालाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला, त्याच्या संमतीने व बंधपत्र लिहून घेऊन, तुरुंगाऐवजी सरकारमान्य रुग्णालयात उपचारार्थ पाठवू शकते, आणि ६४-अ कलम तर स्वेच्छेने उपचार घेणाऱ्याला खटल्यापासूनच संरक्षण देते. हेरॉईनच्या बाबतीत अल्प प्रमाण म्हणजे पाच ग्रॅमपर्यंत. ज्यांच्यासाठी ही कलमे लिहिली गेली, ते गर्दुल्ले वकील लावण्याच्या परिस्थितीत नसतात आणि त्यांना ह्या कलमांची वार्ताही नसते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांनी केवळ ही दोन कलमे मनावर घेतली, तरी कित्येक माणसे तुरुंगाच्या वाटेवरूनच परत फिरतील. याखेरीज २०१७ च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्याने दारू व अमली पदार्थांशी निगडित मनोविकार हे मानसिक आजारांच्याच व्याख्येत घेतले, आणि १०३ व्या कलमाने प्रत्येक राज्यातील किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र उभारण्याचे बंधन शासनावर घातले. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २०१५ मध्ये मान्य केलेल्या, नेल्सन मंडेलांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमांतील २४ वा नियम तर व्यसनाचा स्पष्ट उल्लेख करून सांगतो की, तुरुंगातील उपचार बाहेरच्या आरोग्यसेवेशी जोडलेला आणि अखंड असला पाहिजे.

'अखंड' ह्या शब्दापाशीच आपली खरी अडचण सुरू होते. पाश्चात्य देशांतील बहुतेक योजना सुटकेची तारीख आधी ठाऊक आहे, असे गृहीत धरून आखलेल्या असतात: सुटकेच्या महिनाभर आधी औषध सुरू करा, समुपदेशकाची गाठ घाला, दवाखान्याची वेळ ठरवा. भारतात २०२२ च्या अखेरीस तुरुंगांत असलेल्या ५,७३,२२० लोकांपैकी शेकडा ७५.८ कच्चे कैदी होते, म्हणजे खटला चालू असलेले. आणि एकूण क्षमतेच्या मानाने तुरुंग १३१ टक्के भरलेले होते. कच्च्या कैद्याला आपण केव्हा सुटणार हे ठाऊक नसते, तुरुंगाधिकाऱ्यालाही नसते. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाबाहेर जामिनाच्या हुकुमांसाठी पेटी ठेवलेली असते. तीत कागद वेळेत पडला तर माणूस सायंकाळी फाटकाबाहेर, नाहीतर दुसऱ्या दिवशी. ज्याच्या सुटकेची बातमी चार तास आधीच कळते, त्याच्यासाठी सुटकापूर्व तयारी करणार कधी? म्हणून आपल्या देशात ह्या उपचाराचा आरंभ शिक्षेच्या शेवटी नव्हे, दाखल होण्याच्या पहिल्याच दिवशी झाला पाहिजे, आणि प्रत्येक दिवस हा सुटकेचा दिवस असू शकेल असे समजून तो चालविला पाहिजे. प्रस्तुत लेखकाचा सारा आग्रह ह्या एका गोष्टीसाठी आहे.

दारूच्या व्यसनाला मेथाडोनसारखे औषध नाही. तेथे पहिला आठवडा निभावल्यावर खरे काम संवादाचे, गटाचे, कुटुंबाला हाताशी धरण्याचे असते. कॅलिफोर्नियातील सॅन क्वेंटिन तुरुंगात १९४२ साली अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा गट सुरू झाला आणि तुरुंगांत त्या चळवळीचा प्रवेश तेव्हापासूनचा आहे. महाराष्ट्रात तर ह्या कामाची विद्या घरातच आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या आधारावर १९८६ साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू केले, तेव्हा गर्दाची लाट नुकतीच पुण्या-मुंबईच्या वस्त्यांत शिरली होती. उपचार संपवून गेलेल्या माणसाचा पाठपुरावा वर्षानुवर्षे करीत राहणे, पत्नीला व आईला त्यात सामील करून घेणे आणि जो स्वतः सुटला त्यालाच दुसऱ्याच्या मदतीला उभे करणे, ही त्या कामाची पद्धत. त्याच येरवड्यात राज्यातील सर्वांत मोठ्या कारागृहांपैकी एक आहे. एकाच उपनगरात असलेल्या ह्या दोन वास्तूंत राबणाऱ्या माणसांची विद्या एकमेकांना मिळावी, असे कोणाला वाटणार नाही?

सुटकेच्या दिवशी करावयाच्या गोष्टी फार नाहीत. स्कॉटलंडने २०११ पासून बाहेर पडणाऱ्या व्यसनी कैद्यांना नॅलोक्सोन हे उतारा-औषध आणि ते वापरण्याची माहिती बरोबर देण्याची राष्ट्रीय योजना चालविली. अतिमात्रेने निळ्या पडलेल्या माणसाला ते टोचले तर काही मिनिटांत श्वास परत येतो. आपल्याकडे निदान एवढे व्हावे की, 'तुझे शरीर आता पूर्वीचे राहिलेले नाही, जुनी मात्रा तुला मारील, आणि घ्यावयाचीच वेळ आली तर एकटा असताना घेऊ नकोस' हे वाक्य प्रत्येकाला आणि त्याला न्यावयास आलेल्या नातेवाइकाला सांगितले जावे. ज्याला ब्युप्रेनॉर्फिन चालू आहे, त्याने सकाळी केंद्रावर घेतलेली मात्रा त्या दिवशीची रात्र निभावून नेते आणि बहुधा दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत पुरते. तेव्हा संध्याकाळी जामिनावर सुटलेल्या माणसाजवळ औषधाचे नाव व मात्रा लिहिलेली चिठ्ठी आणि त्याच्या गावातील किंवा जवळच्या जिल्हा रुग्णालयातील केंद्राचा पत्ता असला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेथील दार त्याच्यासाठी उघडे असले, तर मधल्या वेळात त्याला पुडी शोधण्याची शारीरिक गरज पडत नाही. ही चिठ्ठी जामिनाचा कागद आल्यावर लिहावयास घेतली तर उशीर होतो. ती दाखल झाल्याच्या आठवड्यातच तयार करून, मात्रा बदलेल तशी दुरुस्त करून, कैद्याच्या घड्याळ-पाकिटाबरोबर फाटकावरच्या कपाटात ठेवलेली असावी, म्हणजे सामानाची सही घेणारा शिपाई ती न विसरता त्याच्या हातात देईल.